रिबीन: काठ विणलेले, टोकं आपली

सॅटिनच्या ताग्यातून दोन इंची पट्टी कापून घेतली म्हणून ती रिबीन होत नाही. चार वेळा हाताळली की दोन्ही बाजूंनी उसवते, धागे बोटांना चिकटतात आणि दुपारपर्यंत पट्टीची झालर होते. रिबीन मागावर अरुंदच विणली जाते. तिचा आडवा धागा काठाशी वळून पुन्हा आत येतो, म्हणून काठ सुटत नाही. टोकांना असं संरक्षण नसतं. ती आपण कात्रीने केलेली असतात. रिबिनीची बहुतेक दुखणी या एका फरकातून येतात.

शब्दांचंही आधी बघून घेऊ, कारण दुकानात त्यावरून घोळ होतो. मराठीत उद्घाटनाला फीत कापतात, निषेधाला काळी फीत लावतात. पण वेणीला रिबीन बांधतात आणि भेटीच्या खोक्यावरही रिबीनच येते. समारंभ आणि कचेरी आली की फीत, केस आणि हौस आली की रिबीन. वस्तू तीच. दुकानात मात्र 'फीत' म्हटलं तर मापाची टेप पुढे येते आणि 'लेस' म्हटलं तर साडीची किनार, नाहीतर बुटाची नाडी. म्हणून मागताना 'रिबीन' म्हणावं आणि तीन गोष्टी लगेच सांगाव्यात: कापड कुठलं, रुंदी किती, चमक एका बाजूला हवी की दोन्ही.

लालफितीतली फीत एकेकाळी अगदी खरी होती. इंग्रजी कारभारात कायद्याचे आणि सरकारी कागद लाल-गुलाबी सुती फितीने बांधत. सुती यासाठी, की सुतावर सूत घासलं की गाठ जागची हलत नाही. तेच काम गुळगुळीत सॅटिनवर सोपवलं असतं तर गठ्ठे आपोआप सुटले असते, आणि कदाचित कामंही.

कुठली रिबीन कशाला

सॅटिन सगळ्यात जास्त खपते. हल्ली ती बहुतेक पॉलिएस्टरची असते. एकेरी सॅटिन एका बाजूने चमकते, मागून मंद दिसते. दुहेरी दोन्ही बाजूंनी चमकते आणि महाग पडते. खोक्याभोवती सपाट गुंडाळायची असेल तर एकेरी पुरते. फुली, म्हणजे दोन कानांची (वळशांची) आणि दोन शेपट्यांची गाठ बांधायची असेल, तर कानांची आतली बाजू दिसते, म्हणून दुहेरीच घ्यावी. एकेरी रिबिनीची फुली बांधताना प्रत्येक वळणावर अर्धा पीळ द्यावा लागतो, आणि पन्नास खोके बांधायचे असतील तर वाचवलेले पैसे वेळेत जातात.

ग्रोग्रेन म्हणजे आडव्या बारीक उभारांची, थोडी ताठ रिबीन. चमक कमी, पण पकड उत्तम. केसांच्या क्लिपा, बॅज, टोपीचा पट्टा अशा जिथे रिबिनीने जागा सोडायची नाही, तिथे ही वापरावी. ऑर्गंझा पारदर्शक आणि हलकी; दिसायला फुगीर, पण ताण सोसत नाही, गाठ ओढली की धागे सरकून तिथे फट पडते. वेलवेटची पाठ साधी असते आणि तोंडाला लव असते. तिच्यावर इस्त्री फिरवली की लव कायमची बसते. कडेला तार घातलेली रिबीन दारावरच्या मोठ्या फुलीला चांगली, कारण दिलेला आकार धरून ठेवते. ती लहान मुलांच्या केसांत कधीच बांधू नये, तारेचं टोक बाहेर येतं. गोटा आणि जरीची पट्टी या रिबिनीच्या चुलतबहिणी. त्यांना ओलावा आणि अत्तर दोन्ही चालत नाही, जर काळी पडते.

कुरळी करायची प्लास्टिकची रिबीन हा वेगळा प्रकार. ती विणलेली नसते, पॉलिप्रॉपिलीनचा तो ताणलेला पट्टा असतो. कात्रीची बोथट बाजू आणि अंगठा यांच्यात धरून ओढली की एका बाजूचं प्लास्टिक ताणलं जातं आणि पट्टी गुंडाळते. खूप जोरात ओढली तर कुरळी न होता उभी चिरते.

एक गोष्ट विक्रेता आपणहून सांगत नाही. बाजारात काही स्वस्त 'रिबिनी' रुंद कापडातून गरम पात्याने चिरून काढलेल्या असतात. त्यांचा काठ विणलेला नसतो, वितळवून चिकटवलेला असतो. ओळखायची रीत सोपी आहे. काठावरून नख फिरवा. विणलेला काठ मऊ, किंचित जाडसर लागतो. वितळवलेला काठ कडक, मासे धरायच्या गळाच्या दोरीसारखा लागतो आणि मध्येच खरखरतो. मग रिबीन आडवी हलकेच ताणा. वितळवलेल्या काठापासून धागे सुटू लागले, तर ती एकदाच वापरायच्या खोक्यापुरती ठीक. केसांना, कपड्याला किंवा धुवायच्या वस्तूला नको.

धागा कुठला याची शंका आली तर दोन सेंटीमीटरचा तुकडा चिमट्यात धरून मोरीत, पाण्याजवळ जाळून पाहावा. पॉलिएस्टर ज्योतीपासून मागे आखडतं, वितळतं, काळपट धूर येतो आणि थंड झाल्यावर टणक मणी उरतो. सुती आणि रेयॉन कागदासारखे जळतात, राख चिमटीत उडून जाते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि उरलेला काळा मणी बोटांनी चुरडता येतो. पुढे टोकं ज्योतीवर बंद करायची आहेत, त्यासाठी ही परीक्षा कामाची आहे. सुती रिबिनीचं टोक ज्योतीला दाखवलं तर ते बंद होत नाही, पेट घेतं.

मुंबईत घेताना

थोडी लागणार असेल तर दादरला पश्चिमेच्या बाजारात किंवा आपल्या उपनगरातल्या शिलाई-साहित्याच्या दुकानात मीटरवर मिळते. रोलने घ्यायची असेल तर क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, आणि तिच्याजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट. तिथे पॅकिंगच्या रिबिनी, कागद, खोके एकाच फेरीत होतात. जरीची किनार, गोटा, देवाच्या वस्त्रांचं साहित्य यांसाठी भुलेश्वर. गणपतीच्या आधी लालबाग-परळकडे सजावटीचा माल भरतो, पण तेव्हा गर्दीत रंग जुळवत बसायला सवड नसते. घाऊक दुकानं रविवारी बहुधा बंद असतात.

रंग दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नये. पांढऱ्या एलईडीखाली मरून तपकिरी दिसतो आणि मोरपिशी निळा दिसतो. नमुना घेऊन रस्त्यावरच्या उजेडात यावं. पाच रोल लागणार असतील तर पाचही एकाच वेळी, एकाच खेपेचे घ्यावेत. पुढच्या आठवड्यात आलेला 'तोच' लाल रंग शेजारी ठेवला की वेगळा निघतो.

आता मापाचा फास. बऱ्याच रोलवर लांबी वारात असते आणि आपला हिशेब मीटरमध्ये असतो. एक वार म्हणजे 91.44 सेंटीमीटर. 20 वारांचा रोल 18.29 मीटरचा, 25 वारांचा 22.86 मीटरचा आणि 50 वारांचा 45.72 मीटरचा. समजा 50 खोक्यांना प्रत्येकी 60 सेंटीमीटरची फुली हवी आहे. एकूण 30 मीटर झाले. 20 वारांच्या एका रोलमधून 60 सेंटीमीटरचे 30 तुकडे कसेबसे निघतात, 29 सेंटीमीटर उरतात. म्हणजे दोन रोल लागतील आणि दहा तुकडे हाताशी राहतील. पण खोके 33 असतील आणि 20 वार म्हणजे 20 मीटर धरले, तर एकाच रोलमधून 33 तुकड्यांची अपेक्षा धरून बसतो आणि आदल्या रात्री तीन खोके उघडे राहतात.

रुंदी दुकानात इंचात बोलतात: पाव इंची (6 मिमी), अर्धा इंची (12), एक इंची (25), दीड इंची (38), दोन इंची (50). आमंत्रणपत्रिकेला पाव, मिठाईच्या खोक्याला अर्धा ते एक, वेणीला पाऊण ते एक, दाराला आणि उद्घाटनाला दोन इंची.

टोकं बंद करणं

आधी कात्री. कागदाला वापरलेली कात्री रिबिनीला नको. पात्यांच्या मधल्या स्क्रूत सैलपणा असेल तर सॅटिन कापलं न जाता पात्यांच्या फटीत दुमडून बसतं. स्क्रू आवळून बघावा, मग धार लावून घ्यावी.

सरळ काप सगळ्यात लवकर उसवतो. 45 अंशांचा तिरका काप बराच टिकतो. माशाच्या शेपटीसारखा काप हवा असेल तर रिबीन उभी दुमडावी, दोन्ही काठ एकमेकांवर आणावेत. मग घडीच्या बाजूला टोकापासून रुंदीच्या निम्म्याएवढं आत कात्री ठेवावी आणि काठाच्या बाजूच्या कोपऱ्याकडे तिरकं कापत जावं. उलट, म्हणजे काठाकडून घडीच्या कोपऱ्याकडे कापलं की शेपटीऐवजी भाल्याचं टोक तयार होतं. पहिल्यांदा करताना हे हमखास होतं.

पॉलिएस्टर किंवा नायलॉनचं टोक ज्योतीवर बंद करतात. मेणबत्ती वाऱ्यापासून आडोशाला ठेवावी, पंखा बंद करावा. टोक ज्योतीच्या पिवळ्या शेंड्यावर धरायचं नाही. तिथे काजळी असते आणि पांढऱ्या किंवा फिक्या रिबिनीला काळी कड येते. ज्योतीच्या बुडाशी, निळसर भागाच्या बाजूने, अर्धा ते एक सेंटीमीटर अंतर राखून टोक एका दमात सरकवावं. सेकंदभर पुरे. कड किंचित आक्रसून चमकली की झालं. थांबलात तर ती लाटेसारखी वाकडी होते. ऑर्गंझाला याहूनही कमी वेळ द्यावा. गरम कडेला बोट लावून बघू नये, वितळलेलं पॉलिएस्टर कातडीला चिकटून भाजतं.

सुती, रेयॉन किंवा रेशमी रिबिनीला पारदर्शक नेलपॉलिश किंवा कापडाचा गोंद. टोकावर दोन मिलिमीटरचीच पट्टी ओढावी आणि आधी तुकड्यावर बघावं, कारण फिक्या रेशमावर ओलसर डागासारखी कड उमटते. कापून मग लावण्यापेक्षा आधी रेघ ओढून, वाळल्यावर त्या रेघेवरच कापलं तर एकही धागा सुटत नाही. कपड्यावर शिवायची असेल तर सरळ टोक दोनदा दुमडून टीप मारावी. कायमचा उपाय तोच.

सारख्या लांबीचे पुष्कळ तुकडे हवे असतील तर पुठ्ठ्यावर गुंडाळून कापतात. 60 सेंटीमीटरसाठी पुठ्ठा 30 सेंटीमीटरला जरा कमी घ्यावा. रिबीन शेजारीशेजारी गुंडाळावी, थरावर थर चढवू नये. वरचा थर मोठा फेरा घेतो आणि तुकडे हळूहळू लांब होत जातात. मग पुठ्ठ्याच्या एका कडेवरून कात्री चालवावी.

सुरगाठ वाकडी का बसते

फुली म्हणजे शेवटी सुरगाठच: एका टोकाला ओढलं की सुटणारी. ती खोक्यावर आडवी न बसता उभी फिरते, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. दोष बोटांचा नसतो, दिशेचा असतो. पहिला वेढा उजवं टोक डाव्यावर टाकून घातला असेल, तर दुसऱ्या वेळी डावा कान उजव्यावर यायला हवा. दोन्ही वेळा उजवंच वर आलं की गाठ पिळते, फुली खोक्यावरच्या पट्टीच्या रेषेत फिरते आणि हळूहळू सैलही पडते. बुटाच्या नाडीचंही हेच आहे.

25 मिलिमीटरच्या रिबिनीची, आठ सेंटीमीटरच्या कानांची आणि बारा सेंटीमीटरच्या शेपट्यांची फुली बांधायची असेल तर हिशेब असा: एका कानाला 16, दोन कानांना 32, शेपट्यांना 24, गाठीला साधारण 6. एकूण 62 सेंटीमीटर. रिबीन रुंद झाली की गाठ जास्त खाते. दीड इंचीला गाठीसाठी 8 ते 10 धरावेत.

दोन्ही टोकं सारखी धरून पहिला वेढा आवळल्यावर मधोमध कुणीतरी बोट ठेवावं, नाहीतर कान करेपर्यंत तो ढिला होतो. घरात दुसरं बोट नसेल तर कपड्याचा चिमटा लावावा. दोन कान करावेत, एकावर दुसरा आणून खालून काढावा, आणि आवळताना शेपट्या न ओढता कान ओढावेत. शेपट्या ओढल्या की कान आखडतात. सॅटिन एकेरी असेल आणि मंद बाजू वर आली असेल तर गाठीजवळ, जिथे ते दिसत नाही, तिथे अंगठ्याखाली अर्धा पीळ द्यावा. गाठीच्या मागे एक टाका घातला तर फुली प्रवासातही टिकते. गरम गोंदाची बंदूक वापरायची असेल तर गोंदाचा थेंब गाठीच्या पोटात जावा. सॅटिनच्या एकाच थरावर पडला तर पलीकडे डाग दिसतो.

खोक्याभोवती अधिक चिन्हासारखी रिबीन फिरवायची असेल तर लांबीच्या दुप्पट, रुंदीच्या दुप्पट आणि उंचीच्या चौपट मिळवायचं, वर फुलीचं माप. 25 बाय 20 बाय 10 सेंटीमीटरच्या खोक्याला 50, 40 आणि 40 मिळून 130, अधिक 62 फुलीचे. थोडी हातची धरून दोन मीटर. उंची चौपट धरायची असते हे विसरल्याने रिबीन आखूड पडते. बांधताना रिबिनीचा मध्य खोक्याच्या वर ठेवावा, दोन्ही टोकं खाली नेऊन तळाशी एकमेकांत अडकवून चौथाई फिरवावीत आणि वर आणून मधल्या पट्टीच्या खालून ओवावीत. तळाशी गाठ मारू नये, खोका डगमगतो. तूप सुटणारी मिठाई असेल तर आत बटर पेपर हवाच. सॅटिनवर पडलेला तुपाचा डाग पुसून जात नाही.

वेणीला

शाळेत दोन वेण्या वर दुमडून बांधायच्या असतील तर प्रत्येक वेणीला एक मीटर, लहान मुलीला पाऊण मीटर. तक्रार कायम एकच: मधल्या सुट्टीपर्यंत रिबीन निसटते. नायलॉन सॅटिन तेल लावलेल्या केसांवर टिकत नाही. त्यावर उपाय, रिबीन शेवटी न बांधता वेणीतच गुंफावी. तीन पेडांची वेणी दोन-तृतीयांश घालून झाली की रिबिनीचा मध्य मधल्या पेडाच्या मागे ठेवावा. रिबिनीचं एक टोक डाव्या पेडाबरोबर, दुसरं उजव्या पेडाबरोबर घेऊन उरलेली वेणी पूर्ण करावी. खाली एक साधी गाठ, वेणी वर दुमडून मुळाशी आणावी, दोन्ही टोकं वेणीच्या मुळाभोवती फिरवून समोर फुली बांधावी. आता रिबीन निसटायची तर आधी वेणी उसवावी लागेल. पांढऱ्या रिबिनीला तेलाची पिवळी कड येते. भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब कोमट पाण्यात टाकून अर्धा तास भिजवली की निघते. सुकवताना पिळू नये, टॉवेलमध्ये दाबावी.

फीत कापताना होणारी फजिती

दवाखाना असो, सोसायटीचा हॉल असो की वाचनालय, तबकात कुंकू, फुलं आणि कात्री ठेवली जाते. आणि पाहुणे कात्री चालवतात, पण फीत कापली जात नाही. फोटोग्राफर थांबलेला, टाळ्या अर्ध्यावर. हे टाळणं अवघड नाही.

दोन इंची दुहेरी सॅटिन घ्यावी. सहा फुटांच्या दारासमोर दोन खांब आठ फुटांवर धरले तर मधल्या फितीला सुमारे अडीच मीटर, बांधायला दोन्हीकडे तीस-तीस सेंटीमीटर, वेगळ्या फुलीला दीड मीटर आणि कात्री तपासायला अर्धा. सव्वापाच मीटर घ्यावी. उंची कमरेएवढी, जमिनीपासून 90 सेंटीमीटर ते एक मीटर. पाहुणे वयस्कर किंवा चाकाच्या खुर्चीत असतील तर 70 पर्यंत खाली आणावी.

फुली मधोमध बांधू नये. पाहुणा नेमका मध्यावरच कात्री ठेवतो आणि पाच-सहा थरांत अडकतो. फुली वितभर बाजूला, किंवा दोन टोकांना दोन. ताण असा असावा की बोटाने दाबल्यावर फीत दोन-तीन सेंटीमीटर खाली जाईल. त्याहून ताणली तर कापल्याबरोबर हलके खांब आडवे होतात. सैल सोडली तर कात्रीसमोर दुमडते. मरीन ड्राइव्ह किंवा वरळीच्या बाजूला उघड्यावर कार्यक्रम असेल तर सॅटिन पतंगासारखी फडफडते. तिथे जड ग्रोग्रेन बरी, आणि दोन्ही बाजूंना एकेक माणूस फीत धरून उभा.

कात्री किमान आठ इंची, आणि त्याच रिबिनीच्या तुकड्यावर तपासलेली. सोनेरी शोभेच्या कात्र्या फोटोत छान दिसतात, कापत मात्र नाहीत. पाहुणा डावखुरा आहे का, हे आधी विचारावं. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकींपासून दूर ढकलली जातात आणि कापड मध्ये दुमडतं. आणि एक खुबी: जिथे कापायचं तिथे खालच्या काठाला आधीच तीन-चार मिलिमीटरची चीर द्यावी. फितीत सगळ्यात चिवट काठच असतो; तो आधी मोडला की उरलेलं कापड सहज जातं. समोरून ती चीर दिसत नाही. कापलेल्या फितीचे तुकडे मागणारे असतात, म्हणून ती पायदळी पडणार नाही असं बघावं.

छातीवरच्या आणि दंडावरच्या फिती

इथे मापापेक्षा अर्थ महत्त्वाचा, आणि रंग चुकला तर अर्थ बदलतो. एड्सबद्दलची लाल फीत 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिज्युअल एड्स या संस्थेतल्या कलावंतांनी काढली, आणि मुद्दाम कुणाच्याही मालकीची ठेवली नाही. कृती ओळभराची होती: सहा इंच लाल रिबीन, वर दुमडून उलटा व्ही, सेफ्टी पिनने कपड्यावर. आपल्याकडे कॉलेजांत रेड रिबन क्लब चालतात आणि 1 डिसेंबर 2007 रोजी याच नावाची रेल्वेगाडी जनजागृतीसाठी देशभर फिरायला निघाली होती. गुलाबी फीत स्तनांच्या कर्करोगासाठी, ऑक्टोबरमध्ये दिसते. पांढरी फीत स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध. ती मोहीम 1991 मध्ये कॅनडात पुरुषांनी सुरू केली. पिवळ्या आणि जांभळ्या फितींना देशागणिक, विषयागणिक वेगळे अर्थ आहेत, म्हणून त्या वाटताना खाली दोन शब्दांची चिठ्ठी जोडलेली बरी.

शंभर फिती करायच्या तर 10 ते 12 मिलिमीटर रुंदीची दुहेरी सॅटिन, प्रत्येकी 15 सेंटीमीटर, म्हणजे 15 मीटर. 20 वारांचा एक रोल पुरतो. टोकं तिरकी कापून बंद करावीत, टोकांपासून चार-पाच सेंटीमीटर वर दोन्ही पाय एकमेकांवर आणून मागे एक टाका घालावा. नुसत्या पिनेवर सोडली तर पाय पसरतात. पिन स्टीलची असावी. लोखंडी पिन मुंबईच्या घामात आणि पावसात एका दिवसात पांढऱ्या सदऱ्यावर गंज सोडते.

निषेधाची काळी फीत लावून काम करणं ही आपल्याकडे शिक्षक, परिचारिका, कर्मचारी यांची जुनी रीत. ती छातीवर डावीकडे, एक इंची, आठ-दहा सेंटीमीटर लांबीची पुरते. दंडावर लावायची असेल तर चमकती सॅटिन टाळावी, ती दर दहा मिनिटांनी कोपराकडे घसरते. सुती किंवा ग्रोग्रेन घ्यावी, बाहीला मागून एक पिन. दंडावरची काळी पट्टी शोकाचीही असते, त्यामुळे आंदोलनात फलक नसेल तर बघणाऱ्याचा गैरसमज होतो.

पदकांच्या फितींत मात्र हौसेला जागा नाही. परमवीर चक्राची फीत साधी जांभळी, 32 मिलिमीटर रुंद. त्या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची. भारतरत्न पांढऱ्या फितीत घालतात. शाळेच्या कार्यक्रमात मुलांच्या पदकांना तिरंगी फीत लावायची असेल तर पट्ट्यांचा क्रम उलटा होत नाही ना, हे शिवण्याआधी पाहावं.

स्नेहसंमेलनाचे गोल बिल्ले घरी होतात. एक इंची रिबिनीच्या एका काठावरून धावदोरा घालून ओढला की चकती तयार होते. चकतीचा व्यास पाच सेंटीमीटर, परिघ सुमारे 16. रिबीन नेमकी 16 सेंटीमीटर घेतली तर चकती सपाट बसते, त्याहून कमी घेतली तर वाटी होते, 30 घेतली तर छान चुण्या पडतात. मागे पुठ्ठ्याची गोल चकती, दोन दहा सेंटीमीटरच्या शेपट्या, मध्ये बटण किंवा नावाचा कागद, पिन. धावदोरा दुहेरी घ्यावा, एकेरी ओढताना तुटतो.

गणपती, समई आणि पावसाळा

2018 मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून मखरांत कापड आणि रिबिनी वाढल्या. पॉलिएस्टर जळताना वितळून थेंबथेंब पडतं आणि तो थेंब जिथे पडेल तिथे पेटू शकतं. समई, निरांजन, धूप यांच्यापासून रिबीन निदान तीन फूट लांब असावी, आणि पंख्याच्या वाऱ्याने तिकडे उडत नाही हे पंखा लावून बघावं. बल्बच्या माळेभोवती रिबीन गुंडाळू नये. विसर्जनाला निघताना हार-फुलांबरोबर रिबिनीही उतरवाव्यात. फुलं निर्माल्यात जातात, पॉलिएस्टर कुजत नाही.

लाल, मरून आणि गडद निळी रिबीन पांढऱ्या कापडावर शिवण्याआधी रंग सोडते का ते बघावं: ओल्या पांढऱ्या सुती फडक्यात धरून वरून इस्त्री फिरवायची. फडक्यावर डाग आला तर ती रिबीन त्या कपड्यासाठी नाही.

सुरकुत्यांसाठी इस्त्री मंद, मध्ये सुती कापड, आणि उलट्या बाजूने. इस्त्री काढायचा कंटाळा असेल तर स्टीलच्या पेल्यात उकळतं पाणी भरून रिबीन त्याच्या अंगावरून दोन्ही हातांनी ओढावी; अर्ध्या इंचीपर्यंत हे छान जमतं. वेलवेटला फक्त वाफ, तीही पाठीकडून.

जून ते सप्टेंबर रोल कपाटाच्या खालच्या खणात, भिंतीला टेकवून ठेवू नयेत. सुती रिबिनीवर करडे ठिपके येतात आणि जर काळी पडते. झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून वरच्या खणात ठेवावेत, आणि पुडी महिन्या-दोन महिन्यांनी बदलावी. रबरबँड लावू नये. दमट हवेत तो विरघळतो आणि सॅटिनवर तपकिरी चिकट रेघ सोडतो, ती निघत नाही. रोलचं सुटं टोक टाचणीने टोचून ठेवायची सवयही वाईट, गंजाचा ठिपका तीन-चार वेढ्यांपर्यंत आत उतरतो. टोकाला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावावा, आणि त्याच तुकड्यावर रुंदी आणि उरलेली लांबी पेनाने लिहावी. मीटरमध्ये.